एनबीए प्लेऑफचे अंदाज: चाहते निकाल आधीच कसा सांगतात आणि तो चुकतो कुठे?

एप्रिल २०२३. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीएचे प्लेऑफ सुरू होत होते. मिलवॉकी बक्सने साखळीत ५८ सामने जिंकले होते, म्हणजे त्या मोसमात सगळ्यांत जास्त. समोर होता मायामी हीट, ४४ विजयांचा संघ. प्लेऑफसाठीच्या पात्रता फेरीत हीट आधी अटलांटाकडून हरला आणि मग शिकागोला हरवून कसाबसा आठव्या क्रमांकावर आत आला. या मालिकेचा अंदाज सांगताना बहुतेक चाहत्यांसमोर प्रश्न एवढाच होता की बक्स चार सामन्यांत जिंकणार की पाच?

मालिका पाच सामन्यांतच संपली, पण जिंकला हीट. पहिल्याच सामन्यात बक्सचा यानिस अँटेटोकुंपो पाठीवर पडून जखमी झाला आणि पुढचे दोन सामने खेळू शकला नाही. चौथ्या सामन्यात हीटच्या जिमी बटलरने ५६ गुण केले. पुढे हा आठव्या मानांकनाचा संघ थेट अंतिम फेरीत जाऊन पोहोचला.

दरवर्षी एप्रिल आला की जगभरातील बास्केटबॉलप्रेमी मित्रांच्या गटात, ऑफिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर आपापले अंदाज मांडतात. कोण कोणाला हरवणार, किती सामन्यांत हरवणार, शेवटी करंडक कोणाकडे जाणार. यातले कितीतरी अंदाज आठवडाभरातच तोंडघशी पडतात. तरीही हा खेळ म्हणजे निव्वळ नशीब नाही. त्यामागे गणित आहे, खेळाची जाण आहे आणि माणसाच्या मनाच्या काही ठरावीक सवयीही आहेत.

प्लेऑफची रचना कशी असते?

एनबीएमध्ये ३० संघ आहेत, ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन विभागांत प्रत्येकी १५. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. विभागातील पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांत ‘प्ले-इन’ नावाची छोटी पात्रता फेरी होते आणि त्यातून उरलेल्या दोन जागा भरतात. अशा प्रकारे प्रत्येक विभागातून आठ, म्हणजे एकूण १६ संघ उरतात.

पहिल्या फेरीत अव्वल मानांकित संघ आठव्याशी, दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो. प्रत्येक लढत म्हणजे सात सामन्यांची मालिका असते. जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर, पुढचे दोन प्रतिस्पर्ध्याच्या आणि त्यानंतर गरज पडल्यास एकेक सामना आलटून पालटून. सातवा, निर्णायक सामना वरच्या संघाच्या घरी होतो. अशा चार फेऱ्या आणि एकूण १५ मालिका झाल्या की विजेता ठरतो.

अंदाज मांडायचा म्हणजे नेमके काय करायचे?

चाहते दोन पद्धती वापरतात. पहिलीत प्लेऑफ सुरू होण्याआधीच सगळ्या १५ मालिकांचे विजेते लिहून टाकायचे. प्रत्येक फेरीनंतर जोड्या नव्याने लावल्या जात नाहीत, तक्ता सुरुवातीलाच ठरलेला असतो. त्यामुळे हे शक्य होते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक फेरीआधी फक्त त्या फेरीचे अंदाज द्यायचे.

पहिली पद्धत फार निर्दयी आहे. नुसते विजेते निवडायचे म्हटले तरी १५ मालिकांचे ३२,७६८ वेगवेगळे तक्ते बनू शकतात. त्यात ‘किती सामन्यांत’ हेही सांगायचे ठरवले तर प्रत्येक मालिकेचे आठ निकाल संभवतात (दोन्हीपैकी कोणताही संघ ४-०, ४-१, ४-२ किंवा ४-३ ने). मग शक्यतांचा आकडा ३५ लाख कोटींच्या पुढे जातो.

अर्थात सगळ्या शक्यता सारख्या नसतात. समजा, एखाद्या जाणकाराचे प्रत्येक मालिकेत बरोबर ठरण्याचे प्रमाण ७५ टक्के आहे. तरीही पंधराच्या पंधरा विजेते अचूक सांगण्याची त्याची शक्यता जेमतेम १.३ टक्के भरते, म्हणजे साधारण ७५ वर्षांतून एकदा. त्यामुळे ‘माझा तक्ता पहिल्याच आठवड्यात फाटला’ अशी तक्रार करणाऱ्याने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

म्हणूनच मित्रमंडळींच्या स्पर्धांत गुणांची पद्धत ठेवतात. बरोबर विजेत्याला काही गुण, सामन्यांची संख्याही जुळली तर वरचे काही गुण आणि पुढच्या फेऱ्यांना जास्त वजन.

सात सामन्यांत बलवान संघाला फायदा का होतो?

एका सामन्यात काहीही होऊ शकते. लांबून मारलेले फेक एखाद्या संध्याकाळी पडतच नाहीत. पण सात सामन्यांत अशा योगायोगांना वाव कमी मिळतो.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर सात सामन्यांची मालिका जिंकण्याची त्याची शक्यता ७१ टक्के होते. एका सामन्यातील शक्यता ७० टक्के असेल तर मालिकेतील ८७ टक्क्यांवर जाते. छोटा फरक मालिकेत मोठा होतो. पहिली फेरी २००३ पासून पाचऐवजी सात सामन्यांची झाली, तेव्हा हा फायदा आणखी वाढला.

१६ संघांची पद्धत १९८४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत आठव्या मानांकित संघाने अव्वल संघाला पहिल्या फेरीत हरवल्याच्या घटना फक्त सहा आहेत: १९९४ मध्ये डेन्व्हर, १९९९ मध्ये न्यूयॉर्क, २००७ मध्ये गोल्डन स्टेट, २०११ मध्ये मेम्फिस, २०१२ मध्ये फिलाडेल्फिया आणि २०२३ मध्ये मायामी. यातल्या पहिल्या दोन पाच सामन्यांच्या जमान्यातील आहेत.

मात्र ‘किती सामन्यांत’ हे सांगणे वेगळ्याच पातळीवर अवघड आहे. वरच्याच ६० टक्क्यांच्या संघाचा हिशेब मांडला तर तो ४-० ने जिंकण्याची शक्यता १३ टक्के, ४-१ ने २१ टक्के, ४-२ ने २१ टक्के आणि ४-३ ने १७ टक्के येते. म्हणजे सगळ्यांत संभाव्य निकालही पाचपैकी जेमतेम एकदा लागतो. ‘बक्स इन सिक्स’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यातले ‘बक्स’ हे जाणकारीचे असू शकते. ‘सिक्स’ बरेचसे दैवाचे असते.

मग मोठे अंदाज कशामुळे चुकतात?

पहिले कारण दुखापत. २०१२ मध्ये शिकागोचा डेरिक रोझ पहिल्याच सामन्यात गुडघ्याने गेला आणि अव्वल मानांकित संघ फिलाडेल्फियाकडून हरला. २०१९ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचे केविन ड्युरंट आणि क्ले थॉम्पसन दोघेही जखमी झाले आणि टोरांटोने करंडक नेला. २०२५ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पायाचा स्नायुबंध तुटून बाहेर गेला आणि ओक्लाहोमा सिटी थंडर विजेता ठरला. एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात. त्यामुळे एक मोठा खेळाडू गेला की संघाचे गणितच बदलते.

दुसरे कारण जोडी. ‘कोण चांगला’ आणि ‘कोण कोणाला जड जातो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २००७ मध्ये डॅलसने साखळीत ६७ सामने जिंकले होते, गोल्डन स्टेटने ४२. पण त्या मोसमात दोघांत झालेले तिन्ही सामने गोल्डन स्टेटनेच जिंकले होते. शिवाय त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन हे पूर्वी डॅलसचेच प्रशिक्षक होते. डर्क नोव्हित्स्कीला कुठे अडवायचे हे त्यांना पक्के माहीत होते. गोल्डन स्टेटने मालिका ४-२ ने जिंकली.

तिसरे कारण म्हणजे मानांकन नेहमी संघाची आजची ताकद सांगत नाही. ८२ सामन्यांत जखमी, बदललेले, सुस्तावलेले असे सगळेच दिवस मोजले जातात. १९९५ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावर होता. पण तो आदल्या वर्षीचा विजेता होता आणि मोसमाच्या मध्यात त्याने क्लाइड ड्रेक्सलरला संघात आणले होते. त्याने करंडक राखला. इतक्या खालच्या मानांकनावरून विजेता झालेला दुसरा संघ नाही.

मन आपल्याला कुठे फसवते?

सगळ्यांत उघड सापळा म्हणजे आपला आवडता संघ. लहानपणापासून ज्याची जर्सी घातली, त्याच्या विरुद्ध अंदाज लिहायला हात धजत नाही. काही जण उलटे करतात. आपला संघ हरणार असेच लिहितात, म्हणजे हरला तर निदान गुण तरी मिळतील.

दुसरा सापळा ताज्या निकालाचा. २०२१ च्या अंतिम मालिकेत फिनिक्स सन्सने पहिले दोन सामने जिंकले, तेव्हा अनेकांनी मालिका संपल्यात जमा धरली. बक्सने पुढचे चारही जिंकले. २०१६ मध्ये क्लीव्हलँड १-३ ने मागे होता आणि समोर साखळीत ७३ सामने जिंकणारा गोल्डन स्टेट होता. अंतिम मालिकेत इतक्या पिछाडीवरून तोवर कोणीच जिंकले नव्हते. लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने ते करून दाखवले. याचा अर्थ पिछाडीला काहीच किंमत नाही असा नव्हे. ०-३ अशा पिछाडीवर दीडशेहून अधिक संघ सापडले आणि २०२५ पर्यंत त्यातला एकही मालिका जिंकू शकलेला नाही.

तिसरा सापळा पश्चातबुद्धीचा. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी प्रयोगांतून दाखवले की निकाल कळल्यावर माणसांना तो आधीपासूनच बराच संभाव्य वाटू लागतो. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असे म्हणणारा दरवेळी खोटे बोलत नसतो, त्याला खरेच तसे आठवत असते. म्हणूनच अंदाज तोंडी न ठेवता तारखेसह लिहून ठेवण्याची पद्धत उपयोगाची आहे. आपल्यालाच आपण फसवू नये, एवढा तिचा हेतू.

चांगला अंदाज ओळखायचा कसा?

‘बक्स जिंकणार’ आणि ‘बक्स जिंकण्याची शक्यता ८५ टक्के’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले फक्त बरोबर किंवा चूक ठरते. दुसऱ्यात सांगणाऱ्याची खात्री किती, हेही कळते.

अशा अंदाजांना गुण देण्याची एक रीत अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडली. ती साधी आहे. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (झाले तर १, नाही झाले तर ०) यांतील फरकाचा वर्ग करायचा. ७० टक्के सांगितले आणि तसेच घडले, तर ०.०९. घडले नाही, तर ०.४९. शंभर टक्के खात्री देऊन चुकले, तर पूर्ण १. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. प्रत्येक वेळी ५०-५० म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात. म्हणजे वर्षभराची सरासरी त्याहून जास्त असेल, तर त्या ‘तज्ज्ञा’पेक्षा नाणे उडवलेले बरे.

गटाचा अंदाज एकट्यापेक्षा बरा असतो का? १९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या जत्रेत लोकांनी एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज होता १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८. पण यात एक अट आहे. प्रत्येकाने आपापल्या डोक्याने विचार केलेला हवा. सगळ्यांनी एकाच समालोचकाचे ऐकून अंदाज लिहिले, तर चुकाही सगळ्यांच्या एकाच दिशेने होतात.

अंदाजाला पैसे लागले की

अमेरिकेत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावर बंधने घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला. त्यानंतर एकामागून एक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला. त्याची किंमतही दिसली. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोचा खेळाडू जोंते पोर्टर याच्यावर एनबीएने आजीवन बंदी घातली. सट्टेबाजांना आतली माहिती पुरवणे आणि त्यासाठी सामन्यातून लवकर बाहेर पडणे, असा ठपका त्याच्यावर होता. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूलही केला. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली.

मित्रांतला अंदाज चुकला तर फार तर चहा पाजावा लागतो आणि वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. पैसे लागले की चूक मान्य करणे अवघड होते आणि गेलेले परत मिळवण्यासाठी पुढचा डाव लावला जातो. दोन्हींतली रेषा इथे आहे.

भारतातले चाहते

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच. हा संघ सलग १६ मोसम प्लेऑफबाहेर होता. २०२३ मध्ये तो तिसऱ्या मानांकनाने परतला, पण पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने ५० गुण करून त्याला घरी बसवले. तीही मालिका अंदाज सांगणाऱ्यांना पेचात टाकणारी होती. मानांकन किंग्जच्या बाजूने होते आणि अनुभव गतविजेत्यांच्या.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होणारा अंतिम मालिकेचा सामना भारतात सकाळी सहाला दिसतो. त्यामुळे इथल्या चाहत्याचा अंदाज बरोबर होता की नाही, हे बहुधा सकाळच्या चहाबरोबर ठरू लागते आणि ऑफिसला निघेपर्यंत कळते. पुढच्या प्लेऑफआधी तो कागदावर लिहून ठेवला आणि शेजारी खात्रीची टक्केवारी टाकली, तर जूनअखेर आणखी एक गोष्ट समजेल. आपल्याला बास्केटबॉल किती कळतो हे तर समजेलच, पण आपल्याला तो किती कळतो असे वाटत होते, हेही समजेल.