रांगेचें गणित व सहकुटुंब सहल

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, कीं कोल्हार व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील पुष्कळ घरांतून एकच मागणी ऐकूं येऊं लागते. ती म्हणजे खोपोलीस जाण्याची. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गानजीक, रायगड जिल्ह्यांत, खोपोलीजवळ 'इमॅजिका' हें विस्तीर्ण क्रीडोद्यान एप्रिल २०१३ मध्यें लोकांस खुलें झालें. २०२२ सालीं तें संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाच्या ताब्यांत आल्यापासून आपल्या जिल्ह्याचें नांवही त्याच्याशीं जोडलें गेलें आहे. त्यापूर्वींच्या पिढीस मुंबईजवळच्या गोराई येथील, १९८९ सालीं उघडलेलें व पुढें बंद पडलेलें 'एस्सेल वर्ल्ड' आठवत असेल; आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आईबाप शाळेच्या सहलींतून तेथें जाऊन आलेले असतील.

कोल्हारहून खोपोली दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर. पांच माणसांच्या कुटुंबाचीं तिकिटें, गाडीचें भाडें किंवा डिझेल, वाटेंतील चहापाणी व मुक्काम यांचा हिशेब मांडला, तर ही सहल दरवर्षीं करण्याजोगी नाहीं, हें शेतकरी व नोकरदार घरांतील मुलांसही ठाऊक असतें. तीनचार वर्षांतून एकदां जावयाचें, त्यासाठीं कांद्याच्या पट्टींतून किंवा पगारांतून पैसा बाजूस काढावयाचा, आणि दिवसभर उन्हांत उभें राहून चार पाळण्यांत बसून परत यावयाचें, असा प्रकार बहुतांच्या वांट्यास येतो. शेजारचेंच दुसरें कुटुंब त्याच दिवशीं, त्याच तिकिटावर, आठनऊ ठिकाणीं बसून येतें. हा फरक नशिबाचा नसून गणिताचा आहे. आणि तें गणित सातवी-आठवींतील विद्यार्थ्यास सहज उमजेल असें असल्यामुळें येथें मांडीत आहों.

प्रथम आपल्या ओळखीचें उदाहरण घेऊं. पौष महिन्यांत भगवतीमातेची यात्रा भरते, तेव्हां आकाशपाळणा सर्वांनींच पाहिला आहे. समजा, त्यास १२ पेट्या आहेत व प्रत्येकींत ४ माणसें बसतात. म्हणजे एका खेपेस ४८ माणसें. एक पेटी रिकामी करून भरण्यास अर्धें मिनिट लागतें असें धरल्यास बारा पेट्यांस ६ मिनिटें, व फिरण्याचीं ४ मिनिटें मिळून एक खेप १० मिनिटांची झाली. तासांत सहा खेपा, म्हणजे २८८ माणसें. आतां आपल्यापुढें १४४ माणसें उभीं असतील, तर आपणांस बरोबर अर्धा तास थांबावें लागणार. पुढें असलेल्या माणसांच्या संख्येस तासाभरांत बसणाऱ्या माणसांच्या संख्येनें भागावें, कीं वाट पाहण्याचा काळ निघतो. सारें रांगेचें शास्त्र याच भागाकारावर उभें आहे. अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं याची रीतसर सिद्धता दिली. आणि त्याच्याही अगोदर, १९०९ सालीं, डेन्मार्कमधील ए. के. एर्लांग यांनीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठीं काम करीत असतां गणितानें अशा गर्दीचा विचार आरंभिला होता.

या भागाकारांतील छेदाकडे लोकांचें लक्ष जात नाहीं, आणि सर्व घोटाळा तेथेंच होतो. माणूस रांगेची लांबी पाहून निर्णय करतो. प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या आवारांत उसाच्या गाड्यांची रांग पाहणारा गाडीवान असें करीत नाहीं. गव्हाणींत किती वेगानें ऊस पडत आहे, हें तो आधीं विचारतो. कारण गाळप जोरांत असेल तर दोनशें गाड्यांची रांगही लौकर सरते, व गाळप थांबलें असेल तर दहा गाड्यांचीही सरत नाहीं. क्रीडोद्यानांतही हेंच. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडींत २४ माणसें बसतात व एकच गाडी चालू असल्यामुळें दर ४ मिनिटांनीं ती सुटते. तर तासाला ३६० माणसें बसतील. दोन गाड्या चालू करून दर दोन मिनिटांनीं एक सोडली, तर ७२० बसतील. रांग दोन्ही वेळीं तेवढीच दिसेल, पण थांबण्याचा काळ निम्मा होईल. म्हणून रांगेंत शिरण्यापूर्वीं दोन गाड्या सुटेपर्यंत बाजूस उभें राहून घड्याळ पाहावें व बसणारीं माणसें मोजावीं. हें काम घरांतील गणिताची आवड असलेल्या मुलाकडे द्यावें. तो तें आनंदानें करील व वडिलांपेक्षां बरोबर करील.

आतां दिवसाच्या वांटणीविषयीं. दरवाजा उघडतो त्या वेळीं आंत कोणीच नसतें. मग दूरदूरच्या गाड्या येत जातात, शाळांच्या सहलींच्या बसेस येतात, आणि दुपारपर्यंत उद्यान भरतें. सायंकाळीं लहान मुलांचीं कुटुंबें व दूरचे प्रवासी निघूं लागतात. यास्तव पहिला दीड तास हा दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग होय. पाटाच्या मुखाशीं ज्याचें शेत आहे त्यास पाण्याची पाळी जशी पुरी मिळते, तशीच पहिल्या तासांत आंत असलेल्यास राईड मिळते. बहुतेक लोक नेमका हाच वेळ दरवाजाजवळ छायाचित्रें काढण्यांत व समोर दिसेल त्या पहिल्या पाळण्यांत बसण्यांत घालवितात. छायाचित्रें दुपारींही निघतात. आंत गेल्यावर सरळ उद्यानाच्या पलीकडच्या टोकास चालत जावें व तेथून मागें येत यावें, हें बरें.

हिशेब पाहा. समजा, उद्यान ८ तास, म्हणजे ४८० मिनिटें उघडें आहे; जेवणास ६० मिनिटें गेलीं, उरलीं ४२०. जो मनुष्य गर्दीबरोबर वाहत जातो त्यास प्रत्येक ठिकाणीं सरासरी ६० मिनिटें थांबावें लागतें असें धरा; बसणें व चालणें मिळून १५ मिनिटें. पंचाहत्तर मिनिटांचा भाग ४२० मध्यें पांच वेळां पुरता जातो, पांच राईड. दुसऱ्यानें योजना केली. सकाळीं १० मिनिटें थांबून व १५ बसण्या-चालण्याचीं मिळून तीन राईड केल्या. ७५ मिनिटें झालीं. भर दुपारीं, एकाच वेळीं शेंकडों माणसें बसतील असे दोन प्रेक्षागृहांतले खेळ प्रत्येकीं ४० मिनिटांत पाहिले, ८० मिनिटें. गर्दींतल्या दोनच राईड ७५ मिनिटें प्रत्येकीं देऊन केल्या, १५०. सायंकाळीं गर्दी ओसरल्यावर ४० मिनिटांत एक याप्रमाणें दोन केल्या, ८०. एकूण ३८५ मिनिटांत नऊ ठिकाणें झालीं, आणि ३५ मिनिटें उरलीं, तीं आजीजवळ सावलींत बसण्यास उपयोगीं पडलीं. आंकडे आम्ही सोयीसाठीं गोल धरले आहेत. प्रत्यक्षांत ते बदलतील, परंतु वजाबाकीचा प्रकार हाच राहील.

सकाळच्या त्या दीड तासांत काय घ्यावें? जें सर्वांस हवें असतें व जेथें थोडीं माणसें बसतात, तें. इमॅजिकांत 'नायट्रो' नांवाचा रोलर कोस्टर आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर व मॅबिलार्ड या कारखान्यानें तो घडविला असून त्याची उंची सुमारें ४० मीटर व वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. बसणाराच्या पायांखालीं तळ नसतो. थोरल्या मुलांचा डोळा बहुधा त्यावरच असतो; तर तो आधीं आटोपावा. तो जेवणानंतर घेऊं नये, हें निराळें सांगावयास नको. अंधारांत धांवणारी 'डीप स्पेस' ही गाडी त्याच्या मागोमाग घ्यावी. प्रेक्षागृहांतले खेळ दुपारसाठीं ठेवावे, कारण तेथें छप्पर असतें व बैठकही असते.

आतां एक गोष्ट, जिच्यापायीं सहलीचा रसभंग झालेला आम्ही अनेकदां ऐकला आहे. मोठ्या राईडना उंचीची अट असते. ती मनमानी नसते. खांद्यावरचा व मांडीवरचा लोखंडी अटकाव ठराविक शरीरमानासाठीं घडविलेला असतो, व लहान मूल त्यांतून निसटूं शकतें. तासभर रांगेंत उभें राहिल्यावर पट्टीपाशीं दोन बोटें कमी भरलेल्या धाकट्याचें तोंड पाहवत नाहीं. आणि मग त्याच्याबरोबर आईही बाहेर पडते. हें टाळणें फुकट आहे. निघण्यापूर्वीं घरीं दाराच्या चौकटीशीं प्रत्येक मुलास उभें करून उंची मापावी, उद्यानाच्या संकेतस्थळावर दिलेल्या अटींशीं ती ताडून पाहावी, व कोणास कोठें बसतां येईल हें मुलांस गांवांतच सांगून टाकावें. गांवांत झालेलें रडणें तेवढें जड जात नाहीं. टाचा उंचावून मोजूं देऊं नये.

धाकट्यासाठीं आई किंवा बाबा यांपैकीं एकास बाहेर थांबावें लागतें. कांहीं उद्यानांत अशी सोय असते, कीं एक पालक बसून आल्यावर दुसऱ्यास पुन्हा रांग न लावतां बसूं देतात. ती विचारल्यावांचून कळत नाहीं; तेव्हां विचारण्यास संकोच करूं नये. आपल्याकडे विचारण्याचा संकोच व घुसण्याचें धैर्य, हीं दोन्ही एकाच माणसांत सांपडतात, हें एक आश्चर्यच.

आजी-आजोबांविषयीं. त्यांस दिवसभर मागें मागें फिरवूं नये. एक सावलीची जागा व भेटण्याच्या तीन वेळा ठरवाव्या. मोबाईल असला तरी ठरवाव्या, कारण गोंगाटांत तो ऐकूं येत नाहीं. बहुतेक उद्यानांत बाहेरचें अन्न आंत नेऊं देत नाहींत. म्हणून भाकरी, पिठलें व दशम्या दरवाजाबाहेरच, गाडींत, पोटभर खाऊन आंत जावें. आंतलें जेवण साडेअकराला किंवा तीनला घ्यावें. एक ते दोनच्या दरम्यान सारें उद्यान जेवणाच्याच रांगेंत असतें.

जादा पैसे देऊन छोट्या रांगेनें नेणारें तिकीटही मिळतें. तें घ्यावें काय? अमेरिकेंत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें त्या दिवसापासून गर्दीचा प्रश्न होताच. १९९९ सालीं डिस्नेच्या उद्यानांनीं वेळ नेमून देणारी चिठ्ठी काढली, व ती प्रथम फुकट होती. पुढें जगभर ती विकत झाली. आमचें मत असें, कीं मंगळवारीं-बुधवारीं गेल्यास हा खर्च वायां जातो; दिवाळींत किंवा मे महिन्यांतील रविवारीं गेल्यास वांचणारे तास मोजून तो करावा. मात्र हें लक्षांत असावें, कीं त्या तिकिटानें गाडींतल्या जागा वाढत नाहींत. आपण पुढें गेलों तितके दुसरे मागें राहतात. सुटीचा दिवस बदलतां येत असेल, तर तो बदलणें हेंच सर्वांत स्वस्त तिकीट.

खोपोली घाटाच्या पायथ्याशीं असल्यामुळें जून ते सप्टेंबर तेथें पाऊस दांडगा पडतो, आणि विजा कडकडूं लागल्यास उंच राईड थांबवितात. पावसाळ्यांत गर्दी कमी हें खरें, पण हा धोका धरूनच जावें.

ज्यांस इतका प्रवास नको, त्यांस शिर्डीचें 'वेट एन जॉय' जलोद्यान जवळ आहे. तेथें हेंच गणित अधिक स्पष्ट दिसतें. एका घसरगुंडीवरून दर अर्ध्या मिनिटास एकच माणूस सोडला, तर तासाला १२० माणसें उतरतात. लाटांच्या तलावांत मात्र रांगच नसते. तेव्हां सकाळीं घसरगुंड्या व दुपारीं तलाव. जलोद्यानांत बहुधा नायलॉनचाच पोषाख लागतो. सुती कपडा व साडी चालत नाहीं, हें घरच्या बायकांस आधींच सांगावें.

खोपोलीच्या सहलींत शेवटची राईड कोणती, हेंही ठरवून ठेवावें. बंद होण्याच्या वेळीं जे रांगेंत असतात, त्यांस बहुधा बसूं देतात. म्हणून शेवटच्या पाव तासांत आवडत्या राईडच्या रांगेंत शिरावें. त्यानंतर तडक कोल्हारची वाट धरूं नये. पहाटे तीनला उठून गाडी हांकलेला व दिवसभर उन्हांत उभा राहिलेला माणूस रात्रीं पुन्हा दोनशें किलोमीटर गाडी हांकण्यास योग्य नसतो. लोणावळ्यास, पुण्यास, निदान ओळखीच्या कोणाकडे रात्र काढावी, आणि मुक्कामाचा खर्च तिकिटांच्याच हिशेबांत आरंभापासून धरावा.