एक सुई, एक दोरा

सुरतेच्या रिंगरोडवर लेसच्या दुकानात जाऊन ‘क्रोशा दाखवा’ म्हटले, की दुकानदार रिळे पुढे ठेवतो. पांढरी, मोतिया, सोनेरी. दहा मीटर घ्या नाहीतर हजार. पण त्या लेसला हाताच्या क्रोशाचा फक्त चेहरा मिळालेला असतो. ‘क्रोशे मशीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रावर अनेक उभे धागे आपापली साखळी विणतात आणि आडवे धागे त्या साखळ्या एकमेकींना बांधत जातात. खऱ्या क्रोशात धागा एकच असतो.

मोज्यांचे विणकाम यंत्रावर गेले ते 1589 मध्ये, इंग्लंडच्या विल्यम लीने माग बनवला तेव्हा. हाताच्या क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र मात्र आजही कोणत्याही कारखान्यात चालत नाही. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर रांगेने उभे असतात, आणि रांग यंत्राला सांभाळता येते. क्रोशाच्या सुईच्या आकड्यावर बहुतेक वेळ एकच फास असतो. तो आकडा आधी विणलेल्या भागात कुठेही, कोणत्याही दिशेने शिरतो, दोरा ओढून आणतो आणि टाका तिथेच पुरा करतो. पुढचे छिद्र कोणते, हे दर वेळी बोटे ठरवतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढ्या मोजक्या टाक्यांतून गोल, चौकोन, फूल, टोपी, अंगातला झगा असे सगळे उभे राहते. 1997 मध्ये डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी ज्या वक्र पृष्ठाची कागदी प्रतिकृती टिकत नव्हती, ते क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिले.

‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंचमध्ये आकडा. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने अनेक घरांची चूल पेटती ठेवली. आपल्याकडे ही कला मिशनऱ्यांबरोबर पसरली. आंध्रातल्या नरसापूरला तिचा मोठा उद्योग झाला. तिथल्या बायकांवर मारिया मीस यांनी 1982 मध्ये पुस्तक लिहिले. ‘या घरीच बसलेल्या, फावल्या वेळात विणतात’ असे म्हणत जगभर विकल्या जाणाऱ्या मालाची मजुरी कशी खाली ठेवली जाते, ते त्यांनी दाखवून दिले. 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले.

सुरतेत हे वाचताना लिंबायत, उधना, दिंडोली या वस्त्या डोळ्यांपुढे येतात. खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे इथे राहतात. पुरुष मागावर किंवा डाइंग मिलमध्ये असतात. कितीतरी घरांत दुपारी साड्यांचा ढीग येऊन पडतो आणि बायका नगावर पैसे घेऊन त्यांना टिकल्या चिकटवतात, लेस लावतात. ते काम पोटासाठी असते. क्रोशाची सुई हातात येते ती बहुधा त्यानंतर, आणि ती मनासाठी असते. ताटावरचा रुमाल, दारावरचे तोरण, बाळाचे टोपडे, लेकीच्या रुखवतात मांडायची हंसांची जोडी. नमुना कागदावर क्वचितच असतो. आत्याचा रुमाल समोर ठेवून खांब मोजायचे आणि चुकले तर उसवायचे. उसवलेला दोरा वाया जात नाही, हे या कलेचे मोठे औदार्य आहे.

आता क्रोशाचे टॉप, पिशव्या, झुमके यांची फॅशन परत आली आहे. मुली आजीकडून खांब शिकून स्वतःचे कपडे स्वतः बेतू लागल्या आहेत. सुरतेसारख्या शहरात त्यांना सूत, रंग, गिऱ्हाईक सगळे हाताशी आहे. अडते ते दरावर. मीटरने भाव करायची सवय लागलेल्या बाजाराला तासांचा भाव करता येत नाही. हातचा टॉप यंत्राच्या लेसशेजारी टांगला, की तो ‘महाग’ ठरतो. हा दोष विणणारीचा नाही. आपण कापड पाहतो, त्यात गेलेल्या संध्याकाळी पाहत नाही.

म्हणून पुढच्या वेळी हातचा क्रोशा घ्याल तेव्हा तो उलटा करून पाहा. टाक्यामागून टाका धरत एकच दोरा कसा फिरला आहे ते शोधा. मग ‘किती दिवस लागले?’ असे विचारा आणि उत्तर ऐकल्यावर घासाघीस करू नका.