जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण

जास्वंदीच्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि पाने आकसली, की पिठ्या ढेकूण आला असे समजावे. तो रस शोषतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या जमतात. या मुंग्याच त्याची राखण करतात, म्हणून आधी त्यांची वाट तोडावी. किडके शेंडे छाटून नष्ट करावेत. उरलेल्या किडीवर संध्याकाळी साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल फवारावे. अंगावरच्या मेणचट थरामुळे एका फवारणीत भागत नाही. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलिमस हा भुंगेरा या किडीचा फडशा पाडतो. त्याची अळीही पांढरी, झुपकेदार असते, पण आकाराने मोठी आणि चपळ. ती दिसल्यास फवारणी थांबवावी.