कॉर्डलेस ड्रिलची दुरुस्ती : यंत्र हाताशी, बॅटरी कुलूपबंद

जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर असलेल्या नशिराबादसारख्या गावात सुतारकाम, वायरिंग किंवा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवण्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या पिशवीत आज कॉर्डलेस ड्रिल, म्हणजे वायरऐवजी बॅटरीवर चालणारे भोके पाडण्याचे व स्क्रू पिळण्याचे यंत्र, असणे ही नवलाई राहिलेली नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात वीजजोडणी पुष्कळदा झालेली नसते आणि झाली असली तरी भारनियमनाचा भरवसा नसतो. त्यामुळे हे यंत्र बंद पडले की त्या कारागिराची त्या दिवसाची मजुरीच थांबते. पिन लावून चालवायचे जुने ड्रिल बिघडले, तर खानदेशात फारशी चिंता नसे. केळी-कापसाच्या या पट्ट्यात विहिरींवरील पंपांमुळे मोटार रिवायंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरण्याचा व्यवसाय खोलवर रुजलेला आहे आणि ड्रिलचे आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, भरून घेणे हे त्याच कौशल्याचे लहान रूप आहे. कॉर्डलेस ड्रिलने मात्र दुरुस्तीचा मोठा भाग या कारागिरांच्या हातून काढून घेतला आहे.

ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवरचे पहिले ड्रिल बाजारात आणले, तेव्हा त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. अशा यंत्रांत लिथियम-आयन सेल आले ते २००५ च्या सुमारास. आजच्या नेहमीच्या बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे पाच सेल एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असल्याने एकूण दाब १८ व्होल्ट भरतो आणि पूर्ण भारित अवस्थेत तो ४.२ च्या हिशेबाने २१ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून एकाच क्षमतेचे यंत्र कोणी ‘१८’ तर कोणी ‘२१’ म्हणून विकतो. काही स्वस्त ड्रिलांवर ‘४८’ किंवा ‘८८’ असे आकडे छापलेले असतात आणि आत तेच पाच सेल निघतात. ही ग्राहकाची उघड दिशाभूल आहे.

एकसर जोडणीत एक सेल दुबळा झाला की संपूर्ण बॅटरी त्याच्याच मर्यादेत काम करते. त्या सेलचा दाब ठरावीक पातळीखाली गेल्यावर आतील संरक्षक सर्किट प्रवाह तोडते, यंत्र मध्येच थांबते आणि उरलेले चार सेल सुस्थितीत असूनही बॅटरी ‘मेली’ असे ठरवले जाते. यात खानदेशच्या उन्हाळ्याचा वाटा मोठा आहे. लिथियम सेल साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर भारित करू नयेत असा संकेत आहे, तर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सावलीतला पाराच त्या आकड्याला भिडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेली बॅटरी त्याहून अधिक तापते. चांगल्या बॅटरीत थर्मिस्टर हा तापमान ओळखणारा लहान भाग असतो आणि त्याच्या इशाऱ्यावरून चार्जर भारण थांबवतो. म्हणून दुपारी चार्ज न होणारी बॅटरी बिघडलेलीच असेल असे नाही. ती थंड जागी तासभर ठेवून पुन्हा लावून पाहावी आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा.

बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच जातीची दुसरी, चालू बॅटरी लावून पाहणे. यंत्र चालले तर दोष बॅटरीत किंवा चार्जरमध्ये असतो. नाही चालले तर मोटार, स्विच किंवा त्यांच्यातील जोडणी तपासावी लागते. कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश, झिजले की ठिणग्या वाढतात आणि जोर कमी होतो. वेग कमी-जास्त करणारा ट्रिगर स्विच धुळीने किंवा अतिभाराने निकामी होतो. मोटार फिरते पण चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, फिरत नाही, तेव्हा गिअर झिजलेले असण्याचा संभव अधिक. ही कामे गावातला हुशार मेकॅनिक करू शकतो, अट एवढीच की सुटा भाग मिळाला पाहिजे. स्वस्त यंत्रांत कार्बन बंद डब्यासारख्या मोटारीत बसवलेले असल्यामुळे पूर्ण मोटारच बदलावी लागते, तर ब्रशलेस प्रकारात कार्बन नसतात, पण इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली तर सहसा ती संपूर्ण बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

बॅटरीतला दुबळा सेल बदलणे ऐकायला सोपे आणि करायला जोखमीचे आहे. ड्रिल जोर लावताना मोठा प्रवाह ओढते, त्यामुळे पॉवर बँकेतले किंवा जुन्या लॅपटॉपमधले सेल तेथे चालत नाहीत. नव्या-जुन्या सेलांची क्षमता जुळली नाही तर तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. सेलवर थेट डाग देऊन तार जोडणे धोक्याचे असते, कारण त्या उष्णतेने आतील पडदा दुखावून आग लागू शकते. त्यासाठी निकेलची पट्टी आणि स्पॉट वेल्डिंग लागते. ज्याच्याकडे ही साधने नाहीत त्याच्याकडे बॅटरी उघडायला देऊ नये.

वॉरंटीच्या कागदात बॅटरीची मुदत यंत्रापेक्षा कमी असणे आणि कार्बन, चक यांसारखे झिजणारे भाग वगळलेले असणे सर्रास आढळते, तेव्हा तो कागद खरेदीच्या वेळीच वाचावा. मुदतीत दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नसली, तरी स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेले साधन बसते, ही तरतूद सुतार-वायरमन यांना बहुधा कोणी सांगत नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने ऑनलाइन घेतलेल्या ड्रिलसाठीही नशिराबादच्या ग्राहकाला जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे.

सुटे भाग मिळवून देण्याचे बंधन मात्र अजून नीट उभे राहिलेले नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, पण माहिती देणे आणि भाग विकण्यास भाग पाडणे यांत अंतर आहे. जी कंपनी बॅटरी, स्विच आणि कार्बन सुटे विकत नाही, ती यंत्र नव्हे तर ठरावीक मुदतीचा वापरच विकत असते. म्हणून ड्रिल घेण्यापूर्वी हे तीन भाग जळगावात सुटे मिळतात का, हे दुकानदाराला विचारावे, आणि ठाम उत्तर मिळाले नाही तर ते यंत्र घेऊ नये.