घासाच्या बियांचा रंग काय सांगतो?

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे लसूणघास पेरतात. काही वर्षांपूर्वी भाव स्वस्त म्हणून मी बाजारातून सुटे बी आणले. दाणे तांबूस-तपकिरी होते. मला वाटले, चांगले पिकलेले असेल. उगवण मात्र टकलासारखी विरळ झाली. एकदा पेरलेला घास तीन-चार वर्षे उभा राहतो; म्हणजे फसलेले वाफे तितकी वर्षे डोळ्यांसमोर आणि गाई विकतच्या चाऱ्यावर! तेव्हापासून मी बियांच्या रंगाकडे लक्ष देऊ लागलो.

लसूणघासाचे ताजे, निरोगी बी हिरवट-पिवळे असते. टरफलातील फिनॉल वर्गातील द्रव्ये हवा, ओल आणि उष्णता यांमुळे हळूहळू ऑक्सिडीकृत होतात व दाणा तपकिरी पडतो. त्याच काळात आतील पेशींची पटले आणि विकरेही झिजत असतात. म्हणजे तपकिरी रंग हे उगवणशक्ती घटण्याचे कारण नव्हे, सोबत येणारी खूण आहे. कापणीच्या वेळी पावसात भिजलेले बीही असेच काळवंडते. उलट हिरवेगार, सुरकुतलेले दाणे बहुधा अपक्व असतात.

पण ही खूण सगळीकडे सारखी लावता येत नाही. थंड प्रदेशातील तांबड्या क्लोव्हरच्या एकाच पोत्यात पिवळे आणि जांभळे दाणे सापडतात. हा फरक मुख्यतः आनुवंशिक असतो. जांभळा दाणा जुना समजून फेकणे चूक ठरेल. तिथेही निस्तेज तपकिरी दाणा मात्र संशयास्पदच.

शिवाय चकाकणारा पिवळा दाणाही कधी उगवत नाही, कारण त्याचे टरफल पाणीच आत घेत नाही. असे ‘कठीण बी’ मेलेले नसते; ते उशिरा उगवते. आणि अमरवेलाचे बी मिसळले आहे का, हे नुसत्या पिवळेपणावरून कळत नाही. त्यासाठी मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून करडे, खरबरीत दाणे शोधावे लागतात.

म्हणून रंगावरून संशय घ्यावा, निर्णय मात्र उगवण पाहूनच करावा. न निवडता 100 दाणे मोजून ओल्या टिपकागदावर सावलीत ठेवा. दहाव्या दिवशी सशक्त कोंब मोजा. फुगून कुजलेले दाणे मेलेले, होते तसेच टणक राहिलेले कठीण. माझ्या त्या स्वस्त बियांसाठी मी हे दहा दिवस थांबलो असतो, तर तीन वर्षांचा चारा वाचला असता.