विषानेच भरलेली शिकवणीची फी

विषाविरुद्धच्या शिकवणीची फी विषाच्या पिंपाकडूनच वसूल करायची! असं कुठे होतं का? होतं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिकच्या काठी वसलेल्या वॉशिंग्टन राज्यात. (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, ती पार दुसऱ्या किनाऱ्याकडे.)

नोव्हेंबर 1988मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने एक कायदा केला. विधिमंडळाने त्याच मतपत्रिकेवर आपला पर्यायी मसुदा ठेवला होता. लोकांनी तो बाजूला सारला आणि नागरिकांनी मांडलेला उचलला! पेट्रोलियम, कीटकनाशकं, घातक रसायनं राज्यात पहिल्यांदा ज्याच्या ताब्यात येतील, त्याने घाऊक किमतीच्या 0.7 टक्के कर भरायचा आणि त्यातून दूषित जागा साफ करायच्या. 2019पासून पेट्रोलियमचा कर किमतीऐवजी पिंपामागे मोजतात.

खरी कमाल पुढेच आहे. त्या मूळ कायद्याने कराचा एक टक्का लोकसहभागाच्या अनुदानांसाठी राखून ठेवला. हिशेब करून बघा: हजार डॉलरच्या रसायनावर सात डॉलर कर, त्यातले सात सेंट. एवढ्या चिल्लरीत काय होणार? पण राज्यभरातल्या टँकरांची, गोदामांची चिल्लर एकत्र आली की एक अख्खी योजना उभी राहते. आणि अर्ज कोणी करायचा? ना-नफा संस्थांनी तर करायचाच, पण एकमेकांशी नातं नसलेली तीन माणसंसुद्धा करू शकतात! जवळच्या दूषित जागेची सफाई कशी होणार हे समजून घ्यायला, किंवा कचरा आणि विषारी वस्तू मुळातच कमी कशा वापराव्यात हे वस्तीला शिकवायला.

यात शिकण्यासारखं एवढं काय? सिएटलमधून वाहणारी डुवामिश नदी बघा. तिचा सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा 2001मध्ये केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईची गरज असलेल्या अतिदूषित जागांच्या यादीत, गेला. तिच्या गाळात पीसीबी आहेत, म्हणजे एके काळी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असणारी रसायनं. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर 1979मध्ये बंदी आली, तरी ती टिकून आहेत. पाण्यात ती जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र मुरतात. गाळातून किड्यांत, किड्यांतून खेकड्यांत नि तळाशी राहणाऱ्या माशांत, पायरीपायरीने वाढत जातात. म्हणून तिथला खेकडा खाऊ नये.

पण त्याच नदीतला सामन मासा चालतो! कसा? तो जन्मतो नदीत, पण पोसला जातो समुद्रात. अंडी घालायला परतताना ही नदी त्याची फक्त वाट असते. अर्थात तोही किती खावा, याची मर्यादा आरोग्य खातं सांगतंच.

एकाच पाण्यातले दोन जीव, एक जेवण आणि एक विष. डोळ्यांना फरक दिसत नाही, नाकाला कळत नाही. आणि इथे गळ टाकणाऱ्यांत व्हिएतनामी, कंबोडियन, लॅटिन अमेरिकी कुटुंबं आहेत. नुसती इंग्रजी पाटी त्यांना काय सांगणार? तिथे हवा त्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांच्यातलाच माणूस. डुवामिश रिव्हर कम्युनिटी कोअलिशन ही नदीकाठची लोकसंघटना अशाच अनुदानांच्या बळावर सफाईचे जाडजूड अहवाल साध्या भाषेत लोकांपर्यंत नेते.

गाळ उपसायला अफाट पैसा लागतो आणि ते काम अजून चालू आहे. तोवर लोक गळ टाकत राहणारच. म्हणूनच मला त्या कायद्यातला हा एक टक्का उरलेल्या नव्व्याण्णवइतकाच मोलाचा वाटतो.