शड्डूचा अर्थ आणि ऐकणाऱ्याची शक्ती

निवडणुकीचे दिवस आले, की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत तांबडी माती उडू लागते : कोणी शड्डू ठोकतो, कोणी प्रतिपक्षाला अस्मान दाखवतो, आणि दोन पुढाऱ्यांचे जाहीर भांडण एखादा जाणता मतदार ‘ही तर नुरा कुस्ती’ म्हणून निकालात काढतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या नगरीत मल्लविद्या वाढली, 1912 साली जेथे खासबागेचे मैदान उभे राहिले आणि गंगावेस, मोतीबाग या तालमींची नावे जेथे घरोघरी ठाऊक आहेत, तेथील श्रोत्याला या रूपकांची फोड करून सांगावी लागत नाही. मांडीवर पडलेल्या तळहाताचा तो खणखणीत आवाज त्याच्या कानांत असतोच.

अर्धवट परिचय मात्र कित्येकदा अपरिचयाहून अधिक फसवतो. ज्याला केवळ कुस्ती ठाऊक आहे, तो ‘नुरा कुस्ती’ म्हणजे निकराची झुंज समजेल; निकाल आगाऊ ठरवून खेळलेल्या लुटुपुटीच्या लढतीचे ते नाव आहे हे न कळल्यामुळे वक्त्याचा आरोप त्याला स्तुतीसारखा वाटेल. अशा वेळी उपयोगी पडतो तो मागचापुढचा मजकूर. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ऑर्टनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की संदर्भ भरपूर असला तर लाक्षणिक वाक्य समजण्यास वाच्यार्थाच्या वाक्याहून फारसा अधिक वेळ लागत नाही; संदर्भ त्रोटक असला, की लागतो.

वाक्य आणि श्रोता ही दोन्ही अंगे आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी हेरली होती. मम्मटाने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा लाक्षणिक अर्थ घेण्यासाठी, मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी घातल्या, तर अभिनवगुप्ताने काव्यार्थाचा अधिकारी म्हणून सहृदयाला, म्हणजे जाणत्या रसिकाला, मान दिला. ‘हा गडी पोलाद आहे’ हे ऐकताना काठिण्य तेवढे उचलून गंज, रंग आणि बाजारभाव बाजूस सारावे लागतात, आणि तोवर गडी व पोलाद दोन्ही मनात धरून ठेवावे लागतात. हे धरणे व सारणे सर्वांना सारखे साधत नाही, आणि ज्याची ही तात्कालिक स्मृती तोकडी, त्याला अनोळखी रूपक अधिक जड जाते.

म्हणूनच सुटे वाक्प्रचार देऊन ‘अर्थ सांगा’ म्हणण्याची परीक्षेतील वहिवाट मला अन्यायाची वाटते. मूल कोठे वाढले याचीच ती बव्हंशी चौकशी करते, आणि ठपका मात्र त्याच्या बुद्धीवर ठेवते. आखाडा कधी न पाहिलेल्या मुलीला ‘धोबीपछाड’ हा शब्द निवडणुकीच्या बातमीतील एका परिच्छेदासह द्यावा. कोणी कोणाला कसे अनपेक्षित आपटले, हे ती स्वतःच्या शब्दांत सांगेल.